छायेचा तोल

बॅलेवर लिहिण्याचा मला काय अधिकार, असे वाचक विचारतील. अधिकार इतकाच, की श्रूजबरीत बहिणीच्या घरी, तळघरात वॉशिंग मशीनशेजारी, दोनेक मिनिटांचा एक नाच मी हिवाळाभर पाहिला आणि जूनमध्ये तोच रंगमंचावर पाहिला.

नाच 'ला बायादेर'मधला. मारियस पेतिपाने हा बॅले १८७७ साली सेंट पीटर्सबर्गला बसवला, संगीत मिंकुसचे. कथा भारतातली. देवळात नाचणारी निकिया सर्पदंशाने मरते आणि प्रियकर सोलोर धुंदीत तिला पुन्हा पाहतो. त्या स्वप्नातल्या पांढऱ्या छायांपैकी तिसरीचे एकल, बॅलेच्या भाषेत व्हेरिएशन, माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीच्या वाट्याला आले.

हे व्हेरिएशन संथ आहे. वेगात चुका लपतात, विलंबितात लपायला जागा नसते, हे ख्याल ऐकणाऱ्यांना सांगायला नको. एका पायाच्या टोकावर उभे राहून दुसरा पाय गुडघ्यातून उलगडत बाजूला उंच न्यायचा. आपली नजर वर गेलेल्या पायाकडे, खरे काम मात्र खालचा पाय करतो. तिने आधी सहा वर्षे भरतनाट्यम केले होते. अर्धमंडीत मांड्या खुब्यातून बाहेर वळवण्याची सवय इथे कामी आली. पण तिथे वजन जमिनीला द्यायचे, इथे जमिनीपासून सोडवून घ्यायचे. ही गाठ सुटायला तिला तीन महिने लागले.

आता प्रयोगाविषयी. पूर्वार्धात एकही पाऊल चुकले नाही, तरी तो मला कोरडा वाटला. ती मनात मात्रा मोजत होती आणि ते दिसत होते. त्यावर पांघरूण म्हणून ओठांवर चिकटवलेले हसू. मेलेल्या बाईची छाया कोणाकडे पाहून हसेल? मग मध्यावर एका तोलात टाच निसटली आणि ती अर्ध्या मात्रेने लवकर खाली आली. मला वाटले, आता ही घाईने पुढे पळणार. ती पळाली नाही. पुढची पोझ तिने पूर्ण भरून घेतली, हात स्वर संपेपर्यंत वाहू दिला. हसू गेले होते. तिथून शेवटपर्यंत मी तिच्यावरची नजर काढू शकले नाही.

नियंत्रण म्हणजे न चुकणे, असे आपण मुलांना शिकवतो. माझ्या मते चुकीनंतरचा श्वास आपल्या हाती असणे हे नियंत्रण, आणि रंगमंचावरचे अस्तित्व तिथूनच उगवते.

घरी सगळ्यांनी "छान झालं" म्हटले. ती मात्र मला म्हणाली, "मावशी, खरं सांग." मी वरचे सगळे सांगितले. थोडा वेळ गप्प राहून तिने विचारले, "ही भारतातली ना? मग हिच्यात भारतातलं काय आहे?"

भरतनाट्यम सोडल्यापासून बहिणीने तिला हाच प्रश्न उलट्या बाजूने अनेकदा विचारला होता. मी ठाऊक होते ते सांगितले. १८३८ साली दक्षिणेतल्या देवदासी पॅरिसला नाचल्या, गोतिये या लेखकाने त्यांच्यावर लिहिले, पुढे १८५८ साली त्यानेच शाकुंतलावरून बॅले रचला आणि तो पेतिपाच्या भावाने बसवला. पीटर्सबर्गला पोहोचला तो असा ऐकीव भारत. पण त्या देवदासींच्याच मुलखाजवळ, तंजावरात, सरफोजीराजांच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. राजे वारले १८३२ साली. आचार्य पार्वतीकुमारांनी विसाव्या शतकात ती पुन्हा रंगमंचावर आणली.

"मराठीत?" ती म्हणाली. बहिणीने भांडी घासता घासता मान वळवली. तिलाही हे ठाऊक नव्हते.

पुढच्या वर्षी ती हेच व्हेरिएशन पुन्हा करणार आहे. मी एवढेच म्हटले, "कर. पण हसू नकोस."