प्रस्तरारोहणातील कौशल्याचे मापन : एक चिकित्सा

हालचालींच्या काटकसरीचा विचार निघोजे-चाकण परिसरातील कारखानदारीला नवा नाही. गिलब्रेथ यांनी तो १९११ मध्येच गवंडीकामाच्या निमित्ताने मांडला होता. प्रस्तरारोहणात त्याच विचाराचे रूप म्हणजे कॉर्दिए प्रभृती फ्रेंच संशोधकांनी १९९३ मध्ये वापरलेला 'एन्ट्रॉपी' निर्देशांक होय. आरोहकाच्या मार्गाची दुप्पट लांबी घ्यावयाची, त्या मार्गाला बाहेरून वेढणाऱ्या बहिर्वक्र आकृतीच्या परिमितीने तिला भागावयाचे व भागाकाराचा लॉगरिदम काढावयाचा. सरळ रेषेसाठी उत्तर शून्य येते. अंक जितका कमी तितका आरोहक कुशल, असे यामागील गृहीतक आहे.

गणिताविषयी वाद नाही. वाद 'कुशल' या शब्दाविषयी आहे. कृत्रिम भिंतीवरील पकडी बोल्टने जखडलेल्या असतात. नागफणी किंवा तैलबैल्याच्या बेसाल्टवर मात्र प्रत्येक खोबण हाताने ठोकून, तिचा आवाज ऐकून मगच तिच्यावर भार द्यावा लागतो. जाणता आरोहक दोन पावले चढून एक उतरतो, मेख ठोकण्यासाठी आडवा सरकतो. ही सावधगिरी निर्देशांकात गोंधळ म्हणून नोंदली जाईल आणि सैल दगडावर बेधडक भार टाकणारा नवशिका सरस ठरेल! पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) वेग-आरोहणाची १५ मीटरची भिंत प्रमाणित होती; तेथे घड्याळ पुरते. सह्याद्रीत ते पुरणार नाही. महाविद्यालयीन गिर्यारोहण पथकाची निवड अशा अंकावर करावयाची असेल, तर चाचपणीच्या आणि माघारीच्या हालचाली आधी वेगळ्या मोजाव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.