पितळकामाचे छायाचित्रण, भंडारा येथील
भंडारा हे शहर पितळी भांड्यांच्या धंद्याबद्दल प्रसिद्ध आहे. तांबे व जस्त यांचा हा मिश्रधातू ठोकल्याने कठीण होतो. म्हणून मठारताना तो पुनःपुन्हा तापवून मऊ करावा लागतो. धातू पुरेसा तापला की नाही हे कारागीर मंद उजेडात त्याच्या लालीवरून ओळखतो. फ्लॅशच्या झोतात नेमकी ही लाली नाहीशी होते व चकचकीत घागर तेवढी उरते. असे छायाचित्र देखणे असले, तरी ते दुकानदाराच्या सूचिपत्रालाच शोभेल. तिपाईवरील कॅमेऱ्याने, दारातून येणाऱ्या प्रकाशात सावकाश टिपलेले चित्र अधिक प्रामाणिक होय. त्यात हातोडा अस्पष्ट उमटतो. ते वैगुण्य नव्हे. स्टेनलेस पोलादाच्या प्रसारानंतर ओस पडलेल्या भट्ट्यांच्या बाबतीत मात्र हा मार्गही आता खुंटला आहे.