मेन्यूत मिसो आहे, बेकांग नाही

पुण्यातल्या या नूडल बारचा मेन्यू क्यूआर कोड स्कॅन केला की उघडतो आणि संपता संपत नाही. जपान, कोरिया, थायलंड, व्हिएतनाम, बर्मा, इंडोनेशिया, चीन. मध्येच कोल्हापूर. रामेन, फो, लाक्सा, खाव स्वे, किमची फ्राइड राइस, मिसो-बटर कॉर्न, ठेचा भरलेले ग्योझा. बारची यादी वेगळी, तिच्यात युझूची पाच कॉकटेल्स. रामेनचा एक वाडगा ८५० रुपयांपासून पुढे. त्यावर सर्व्हिस चार्ज, त्यावर टॅक्स.

हॉटेलचं नाव मुद्दाम देत नाही. कोरेगाव पार्क, बाणेर, मुंबईत बीकेसी किंवा लोअर परळ, कुठेही ‘पॅन-एशियन’ अशी पाटी दिसली की आत साधारण हेच असतं: अर्धवट अंधार, लाकडी जाळ्या, कागदी कंदील आणि बोलणं ऐकू येणार नाही इतपत संगीत. मी इथे तीनदा जेवलो. दोनदा कंपनीच्या पैशाने, एकदा स्वतःच्या. स्वतःच्या पैशाने जेवताना जीभ जास्त तल्लख होते, हे कुणीही सांगेल.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. इथलं चिकन पाइतान रामेन. जपानच्या क्युशू बेटावर तोन्कोत्सु रामेन करताना डुकराची हाडं तासन्‌तास खळाखळा उकळतात. मंद आचेवर नाही, मुद्दाम खळाखळा. त्यामुळे हाडांतलं जिलेटिन आणि चरबी पाण्यात एकजीव होते आणि रस्सा दुधासारखा पांढरा होतो. आपल्याकडची बरीच हॉटेलं डुकराचं मांस ठेवायला बिचकतात, म्हणून तीच युक्ती कोंबडीच्या हाडांवर वापरतात; ते झालं पाइतान. इथला रस्सा प्यायल्यावर ओठ एकमेकांना किंचित चिकटतात. पायाचं सूप प्यायलेल्या माणसाला ही खूण ओळखीची असते. ती पावडरीने येत नाही. आत कुणीतरी सकाळपासून भांड्यापाशी उभं आहे, एवढं त्यातून कळतं.

नूडल्सही नीट. रामेनच्या नूडल्सना जो पिवळसर रंग आणि रबरासारखा ताण असतो तो अंड्यामुळे येतो असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा तो कान्सुईमुळे येतो. कान्सुई म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी, आपल्या पापडखाराचा चुलतभाऊ. क्षार पडला की गव्हाचं पीठ घट्ट आणि पिवळं होतं. उन्हाळ्यात पापड लाटताना घरोघर हेच रसायनशास्त्र चालतं, फक्त त्याला कुणी आठशे रुपये देत नाही.

बिघडतं ते वेळेच्या हिशेबात. रामेन हा घाईचा पदार्थ आहे. नूडल्स गरम रश्श्यात पडल्या की दर मिनिटाला मऊ होत जातात. जपानमध्ये रामेनच्या अनेक दुकानांत दारातल्या मशीनमधून कूपन घेऊन लोक काउंटरवर बसतात, फुर्रर्र आवाज करत दहा-पंधरा मिनिटांत वाडगा संपवतात आणि उठतात. बार हा त्याच्या बरोबर उलट, रेंगाळण्याचा धंदा. जपान्यांनी या दोघांची सांगड घातली आहे, पण एका क्रमाने: आधी रात्रभर पिणं, मग शेवटी निघताना रामेन. त्याला ते ‘शिमे’ म्हणतात, म्हणजे समारोप. इथे मात्र दुसऱ्या ड्रिंकबरोबरच वाडगा येतो. मग फोटो, मग रील, मग चीअर्स. तोवर नूडल्सची खीर झालेली असते. अंडं तर फ्रीजमधून थेट वाडग्यात. वरून देखणं, आत गार. ठेच्याचे ग्योझा मला आवडले असते, पण ठेच्याची गंमत त्याच्या उघड्या, रांगड्या भरडपणात असते. तो मैद्याच्या पारीत कोंडून वर गोड सॉस ओतला की उरते ती नुसती हिरवी मिरची. गोड सॉस हा तर इथला राष्ट्रीय पदार्थच आहे. सात देशांच्या पदार्थांना एकाच गोडीत बुडवणं यालाच फ्यूजन म्हणत असतील तर प्रश्न मिटला.

फ्यूजनला माझी ना नाही. रामेन स्वतःच फ्यूजन आहे. तोक्योच्या असाकुसा भागात १९१० साली सुरू झालेल्या राइराइकेनमध्ये योकोहामाच्या चायनाटाउनमधले चिनी स्वयंपाकी काम करत होते. तेव्हा या पदार्थाला चिनी सोबा म्हणत. १९५८ मध्ये इन्स्टंट रामेन काढणारे मोमोफुकु आंदो तैवानमध्ये जन्मले होते. २००४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मोमोफुकु नूडल बार उघडून या महागड्या नूडल बारच्या लाटेला मोठा हातभार लावणारा डेव्हिड चँग कोरियन-अमेरिकन. मुंबईतल्या घरांमध्ये सहज होणारी खाव स्वेही बर्मा सोडून परत आलेल्या भारतीय कुटुंबांबरोबर आली. चेन्नईच्या बर्मा बाजारात त्याच परतलेल्या लोकांच्या गाड्यांवर अथो नावाच्या नूडल्स मिळतात. म्हणजे फ्यूजन होतं कसं? एका ठिकाणचा माणूस दुसऱ्या ठिकाणी जाऊन राहतो, चूल मांडतो, मिळेल त्यावर भागवतो. तिथे माणूस आधी येतो, पदार्थ मागून.

आता या हॉटेलातली माणसं पाहू.

दार उघडलं की सगळा स्टाफ एका सुरात ‘इराश्शाइमासे’ ओरडतो. अंगात जपानी पद्धतीचे निळे अंगरखे, कपाळाला पट्टी. ओरडणारी मुलं-मुली मिझोरमची, मणिपूरची, नागालँडची, दार्जिलिंगची, काही नेपाळची. पॅन-एशियन हॉटेलांत हे इतकं नेहमीचं आहे की आपल्याला ते दिसतच नाही. ही मुलं इथे का दिसतात, याचं उत्तर कुणी जाहिरातीत छापत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं: चेहरा मेन्यूला शोभतो. दुसऱ्या खेपेला शेजारच्या टेबलावरच्या काकांनी वेटरला प्रेमाने विचारलं, “आप जापान से हो?” तो हसून “नहीं सर, मिझोरम,” म्हणाला. काका म्हणाले, “अच्छा अच्छा,” आणि दुसरी बिअर मागवली.

त्याच मुलाला मी विचारलं, तुमचा मिसो कुठला आहे. तो म्हणाला, “व्हाइट मिसो है सर. सोयाबीन को सड़ा के...” मग थांबला आणि ट्रेनिंगमधला शब्द आठवून म्हणाला, “फर्मेंट करके.” मग जरा मोकळा झाला. “हमारे यहाँ भी बनता है, बेकांग. पर वो यहाँ नहीं चलेगा सर. स्मेल आता है.”

त्या ‘सड़ा के’ आणि ‘फर्मेंट करके’ यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्यावर हे अख्खं हॉटेल उभं आहे.

बेकांग म्हणजे उकडलेले सोयाबीन पानांत गुंडाळून चुलीच्या उबेला काही दिवस ठेवायचे. ते चिकट होतात, तार धरतात, उग्र वास येतो. नागालँडमध्ये आखुनी, मणिपूरमध्ये हवाइजार, मेघालयात तुंगरुम्बाई, सिक्कीम-दार्जिलिंग-नेपाळकडे किनेमा, हे सगळे त्याचेच भाऊबंद. जपानचा नात्तोही तोच प्रकार. सासुके नाकाओ नावाच्या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने जपान, जावा आणि पूर्व हिमालय अशी टोकं जोडून ‘नात्तो त्रिकोण’ कल्पिला होता, आंबवलेल्या सोयाबीनचा एक अख्खा प्रदेश. या हॉटेलच्या भिंतीवर आशियाचा मोठा नकाशा रंगवलाय. नाकाओंचा त्रिकोण त्यावर काढला तर ईशान्य भारताची पट्टी त्यात सापडेल. मेन्यू मात्र तोक्योहून सोलला, सोलहून बँकॉकला आणि तिथून थेट पुण्याला उतरतो. मधला भाग विमानातून दिसतो तेवढाच.

वासाचं कारण मला पटत नाही. याच मेन्यूत दाशीचं कौतुक आहे. दाशीत पडणारी कात्सुओबुशी म्हणजे उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक वाळवलेला मासा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये सुकट भाजली की पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो, हे आपल्यातल्या कितीजणांनी अनुभवलंय. सुकटीला नाक मुरडणारे तेच लोक इथे सुक्या माशाचं पाणी ‘उमामी’ म्हणत पितात. किमचीला वास नाही? फिश सॉसला? वास कुठल्या देशाचा आहे, त्या देशाच्या मालिका आपण बघतो का, तिथे सुट्टीला जावंसं वाटतं का, यावर तो वास ठरतो की सुगंध, ते ठरतं. निकोलस खारकोंगोर यांचा ‘अ‍ॅक्झोने’ (२०१९) हा सिनेमा याच वासावर आहे: दिल्लीत भाड्याने राहणारी ईशान्येची मुलं मैत्रिणीच्या लग्नासाठी आखुनी घालून पोर्क शिजवायला जागा शोधत फिरतात. बघितला नसेल तर बघा.

युझूचंही तसंच. ते फळ महाग आणि दुर्मिळ, म्हणून इथल्या कॉकटेलमध्ये बाटलीतलं सिरप पडतं आणि चव टॉफीसारखी लागते. आसामचं काजी नेमू हे लांबट, सुवासिक लिंबू देशातच पिकतं. बारच्या यादीत ते एकदाही नाही.

“हॉटेल म्हणजे काही संस्कृती खातं नाही, लोक मागतात ते देतात,” असं माझा एक मित्र म्हणाला. बरोबर. पण हे स्वयंपाकघर वाकत नाही असं नाही. मेन्यूत प्रत्येक रामेनपुढे जैन पर्याय आहे. कांदा नाही, लसूण नाही, हाडं तर नाहीतच, तरी रामेन. त्यासाठी शेफने वेगळा रस्सा बसवला असणार, आणि तो सोपा नाही. कोल्हापूरचा ठेचा आत आला. उद्या मिसळ रामेन आलं तर मला नवल वाटणार नाही. म्हणजे बिल भरणाऱ्याच्या बाजूला स्वयंपाकघर हवं तेवढं वाकतं. ज्यांच्या हातांनी वाडगा टेबलावर येतो त्यांच्या बाजूला मात्र इंचभरही नाही. त्यांचं स्टाफ जेवण काय असतं तेही मी विचारलं. डाळ, भात, चिकन करी.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. ‘हाका नूडल्स’ हा शब्द आपण लहानपणापासून गाडीवर उच्चारतो, पण हाका हे एका चिनी समाजाचं नाव आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. कोलकात्याच्या टांगऱ्यात चामड्याचे कारखाने आणि नंतर हॉटेलं चालवणारे ते लोक. १९६२ च्या युद्धानंतर आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडच्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या भारतीयांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. काही जण १९६७ पर्यंत तिथे होते. सुटल्यावर पुष्कळांनी देश सोडला. पुढच्या काळात त्यांच्या नूडल्स देशभरच्या गाड्यांवर पोचल्या.

पुण्याला याहून जवळची आठवण आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये आसाममधल्या हिंसाचारानंतर अफवा पसरल्या, पुण्यात ईशान्येच्या मुलांना मारहाण झाल्याच्या घटना घडल्या, आणि बंगळुरू, पुण्यासारख्या शहरांतून हजारो लोकांनी गुवाहाटीकडच्या गाड्या पकडल्या. एकगठ्ठा एसएमएसवर सरकारने १५ दिवस बंदी घातली होती. आम्हा शाळेतल्या मुलांना त्या बंदीचंच जास्त वाईट वाटत होतं. आज त्याच शहरात तोच चेहरा दारात उभा करून त्याला जपानी बोलायला लावलंय. तो चेहरा आता ‘अँबियन्स’ आहे.

मला या हॉटेलात ‘नॉर्थ-ईस्ट फूड फेस्टिव्हल’ नकोय. बांबूच्या टोपल्या, सेल्फी पॉइंट आणि आठ दिवसांनी सगळं परत गोदामात. माझं म्हणणं साधं आहे, चवीचंच आहे. या पाइतान रश्श्यात चमचाभर बेकांग घालून पाहावं. जाड, चिकट रस्सा आणि तो उग्र सोयाबीन हे दोघे एकमेकांसाठीच आहेत. मिसो रामेनचं सारं गणित तरी दुसरं काय आहे? गोड सॉस आपोआप बाद होईल. आणि तो पदार्थ कसा करायचा हे शिकायला शेफला ओसाकाला जायला नको, पास-काउंटरच्या पलीकडे विचारलं तरी पुरे.

तोवर जायचंच असेल तर मंगळवार-बुधवारी, साडेसातच्या आत जा, काउंटरवर बसा. पाइतान मागवा, अंडं नको म्हणा, फोटो काढू नका. युझूच्या नादी लागू नका, साधी बिअर घ्या, तीही वाडगा येण्याआधी संपवा. बिलाबरोबर फीडबॅकची लिंक येते: खाणं, सेवा, संगीत, अँबियन्स, प्रत्येकी पाच तारे. खाली एक रिकामी चौकट असते. मी तिच्यात ‘बेकांग रामेन कधी?’ एवढंच लिहिलं. दहा सेकंदांत उत्तर आलं, अर्थात आपोआप पाठवलेलं: पुन्हा भेटू, आणि पुढच्या खेपेला मिसो-बटर कॉर्न आमच्याकडून.