एक-चार, दोन-तीन : एका हेडरचं रसग्रहण

हेडर, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, चांगला की वाईट, हे बहुतेक लोक कानाने ठरवतात आणि फसतात. आवाज मोठा करायला कारागीर लागत नाही. सायलेन्सर कापला की कुठलीही गाडी गरजते. हेडरची पारख करायची ती जोडावर. नळ्या कुठे एकत्र येतात, कुठली कुठलीशी जोडली आहे, जोडाच्या आतून बोट फिरवलं तर काय लागतं, हे पाहायचं. अंबरनाथच्या एका वेल्डिंग शेडमध्ये महिंद्राच्या जुन्या एफसी-१५० पिकअपसाठी बनलेला हेडर मी अलीकडे हातात घेऊन पाहिला, गाडीला चढताना पाहिला, आणि मग त्याच गाडीत बसून बदलापूर, वांगणी, शेलू करत नेरळच्या घाटात गेलो. असं काम आपल्या शेजारी होतं आणि त्याच्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही, याची खंत वाटते.

आधी गाडीबद्दल, कारण हेडर गाडीशिवाय वाचता येत नाही. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. विलीजने अमेरिकेत १९५६च्या अखेरीस आणलेली, ब्रुक्स स्टीव्हन्सने रेखलेली ही पिकअप महिंद्राने परवान्यावर भारतात बनवली. हिला जीपसारखं पुढे आलेलं बॉनेट नाही. ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसतो आणि इंजिन त्याच्या नि शेजाऱ्याच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. इंजिन सीजे-३बी जीपचंच, चार सिलिंडरचं हरिकेन पेट्रोल, सुमारे २२०० सीसी. बोअर ७९ मिलिमीटर, स्ट्रोक १११. पिस्टनचा प्रवास असा लांब असला की इंजिनाचा स्वभाव सावकाश आणि जोरकस होतो. पंचाहत्तरच्या आसपासची अश्वशक्ती मिनिटाला ४००० फेऱ्यांना मिळते, पण गॅरेजवाले ज्याला पुलिंग म्हणतात ते २००० फेऱ्यांनाच भरात असतं. हेडर याच २००० फेऱ्यांसाठी बनला पाहिजे. रेसच्या गाडीची जाड, आखूड नळी इथे लावली तर कागदावर ताकद वाढेल आणि चढावर गाडी रडेल.

या कारागिराने नेमकं हे ओळखलं आहे. त्याची नळी दीड इंची, म्हणजे अरुंदच, आणि लांब. धुराचा झोत अरुंद नळीतून वेगाने जातो, आपल्यामागे कमी दाबाची पोकळी सोडतो आणि ती पोकळी सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते. फेऱ्या कमी असतील तर झोतांमधलं अंतर जास्त, म्हणून नळीही लांब हवी.

खरी गंमत मात्र जोड्यांत आहे. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-४-२. पहिला पेटला की अर्ध्या फेरीने तिसरा, मग चौथा, मग दुसरा. म्हणजे एक आणि चार यांच्यात बरोबर एका फेरीचं अंतर. दोन आणि तीनमध्येही तेवढंच. कारागिराने एक-चारची जोडी केली, दोन-तीनची दुसरी जोडी केली आणि या दोन जोड्या खूप खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला, एका नळीत मिळवल्या. करायला हे अवघड जातं, कारण एक आणि चार ही इंजिनाची दोन टोकं. त्यांची भेट घडवायला नळी वळवावी लागते. शेजारच्या सोप्या जोड्या, एक-दोन आणि तीन-चार, केल्या असत्या तर निम्मी मेहनत वाचली असती. पण तिथे एकाचा झोत निघून जायच्या आतच दुसऱ्याचा येऊन धडकतो आणि पहिल्याच्या उघड्या व्हॉल्व्हमधून धूर मागे रेटला जातो. अवघड जोडी निवडण्यात या माणसाची समज दिसते.

हे इंजिन त्याला एका बाबतीत अनुकूलही आहे. हरिकेनचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे ब्लॉकमध्ये असतात. इनटेकचा मार्ग हेडच्या ओतकामातच आहे. त्यामुळे एक्झॉस्टचा बिडाचा मॅनिफोल्ड, ज्याच्या जागी हेडर बसतो, एकटा सुटतो. सुटतो म्हणजे, स्टड तुटला नाही तर! अनेक वर्षं तापून-निवून गंजलेला नट पान्ह्याला जोर लावून काढायला गेलं की स्टड ब्लॉकमध्येच तुटून राहतो. इथे नट गॅसने लाल करून, निवू देऊन, तेल मुरवून, थोडा पुढे थोडा मागे असा काढला. सगळे स्टड शाबूत निघाले. ही घाई न करण्याची कला मला वेल्डिंगइतकीच मोठी वाटते.

नळ्यांचे बाक पाहण्यासारखे आहेत. यंत्रावर वाकवलेली तयार वळणं मिळतात, पण या गाडीत स्टीअरिंगचा दांडा, क्लचची जोडणी, चासीचा आडवा पट्टा यांतून वाट काढायची तर प्रत्येक वळण वेगळं. म्हणून जुनी रीत: नळीत कोरडी वाळू ठोकून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्टे मारायचे, गॅसने तांबडी करून हळूहळू वाकवायची. वाळू जराही ओली असली तर आत वाफ होऊन गुट्टा गोळीसारखा उडतो. वाळू नीट ठासली असेल तर वळणाच्या पोटाला सुरकुती पडत नाही आणि नळीचा गोल चपटा होत नाही. मी बोटांनी चाचपून पाहिलं. चारही वळणांत मिळून एकच बारीकशी सुरकुती सापडली. अंबरनाथच्या शिवमंदिराची, शके ९८२ची, बाहेरची भिंत कोनाकोनाने वळत जाते, पण नक्षीचे थर कुठे तुटत नाहीत. त्या वळणांची आठवण मला या नळ्या पाहून झाली.

ही जागाच अशी आहे. शेजारचं उल्हासनगर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींत वसवलं, ८ ऑगस्ट १९४९ला त्याला नाव मिळालं, आणि जी वस्तू बाजारात नाही ती बनवून द्यायची हे त्या शहराच्या अंगवळणीच पडलं. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. तिथून शतांश मिलिमीटर मानणारे फिटर-टर्नर आले. एफसी-१५०चा तयार हेडर कोणत्याही दुकानात मिळणार नाही. तो बनतो तर अशाच पट्ट्यात.

नळ्यांना इंजिनाशी जोडणारी फ्लॅन्ज जाड पट्टीची आहे. वेल्डिंगच्या तापाने अशी पट्टी केळीसारखी वाकते आणि मग पॅकिंग फुंकतं. कारागिराने नळ्यांना गाडीवरच टाके मारले, मग सगळा सांगाडा काढून फ्लॅन्ज एका जाड प्लेटला बोल्टने आवळली आणि आर्गनने पूर्ण वेल्डिंग केलं. तेही एका नळीवर सलग नाही, या टोकाला थोडं, त्या टोकाला थोडं. मी मधेच हात लावायला गेलो तर म्हणाला, "काका, आत्ता सोडलं तर वाकेल. निवू द्या." निवल्यावर निळी शाई लावून पाट्यावर घासलं आणि उंच राहिलेले ठिपके कानशीने उतरवले. जोडाच्या आत वेल्डिंगचे थेंब लोंबत नव्हते. नट पितळी लावले, म्हणजे पुढच्या वेळी ते गंजून स्टडला धरणार नाहीत.

उणीव एकच. खालच्या लांब नळीला आधाराची पट्टी नव्हती. इंजिन हलतं, सायलेन्सर चासीला बांधलेला. मधला सगळा हिसका फ्लॅन्जच्या वेल्डिंगवर येणार आणि तिथेच तडा जाणार. बोलल्यावर त्याने गिअरबॉक्सच्या बोल्टला धरून क्लॅम्प दिला. नळ्यांना उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी असा गाडीच्या मालकांचा आग्रह होता, कारण केबिनमध्ये ड्रायव्हरच्या पायाशीच ही भट्टी. मला ते पटलं नाही. बदलापूरच्या पावसात ती पट्टी ओल धरते आणि साधं पोलाद आतून कुजतं. पत्र्याची ढाल, मध्ये हवेची फट, हे बरं.

धूर सहज जायला लागला की मिश्रण पातळ होतं. पहिल्या चाचणीनंतर प्लग पांढुरके निघाले. कार्बोरेटरचा जेट एक नंबर मोठा घातल्यावर तपकिरी झाले. नेरळहून माथेरानकडे दस्तुरीपर्यंत जाणारा घाट उभा आहे. या गाडीचा गिअरबॉक्स तीन गिअरचा, पहिल्याला सिंक्रो नाही. चालत्या गाडीत पहिला घालायचा तर दोनदा क्लच मारून, रेस देऊन जुळवावा लागतो. ज्या वळणांवर मालक पूर्वी पहिल्यावर येत, त्यांतली बरीच आता दुसऱ्यावर निघाली. हा फरक लहान नाही. आणि सायलेन्सर पूर्ण, मूळ मापाचा ठेवल्यामुळे आवाज वाढला नाही, फक्त मोकळा झाला. केंद्रीय मोटार वाहन नियम १२० प्रमाणे सायलेन्सर सक्तीचाच आहे. तो काढून हेडरचं कौतुक सांगणाऱ्याला हेडर कळलेला नाही.

या कामाला मी उत्तमच म्हणेन. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना एकच विनंती: काढलेला बिडाचा मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका. २०२१च्या नियमांनुसार खासगी वापरातल्या पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ती गाडी मूळ रूपात असेल तरच. मॅनिफोल्डला तेल लावा, गोणपाटात गुंडाळा, जुने नट पिशवीत घालून त्यालाच बांधा आणि घरात कोरड्या जागी ठेवा.