उडून आलेले शिखर

चीनमधील हांगचौ शहराच्या पश्चिमेस लिंगयिन हे प्राचीन बौद्ध मंदिर आहे. इ. स. ३२८ च्या सुमारास हुइली नामक भारतीय भिक्षूने ते स्थापिले, अशी परंपरा सांगते. समोरची टेकडी पाहून ‘हा तर आमच्या गृध्रकूटाचा तुकडा, हा इकडे केव्हा उडून आला?’ अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले, आणि टेकडीस ‘उडून आलेले शिखर’ हे नाव पडले. भोवतालचे डोंगर वालुकाश्माचे, ही टेकडी तेवढी चुनखडकाची; तेव्हा आख्यायिकेस भूगर्भाचाही टेकू आहे! भारतीय प्रवासी ही कथा ऐकून सुखावतो व प्रत्येक मूर्तीत आपले काही शोधू लागतो. आम्हीही तेच केले.

मंदिर वारंवार जळाले, पुन्हा उभे राहिले. आतील कापूरवृक्षाच्या लाकडाचा सुवर्णलेपित शाक्यमुनी १९५६ सालचा. तो भव्य आहे. याहून अधिक आम्हांस सांगवत नाही.

खरे धन टेकडीवर आहे. अजिंठ्याच्या शिल्पकाराने अखंड कातळात स्वतः गुहा कोरली. येथे गुहा पाण्याने आधीच कोरून ठेविल्या आहेत, आणि मूर्ती खडकाने दिलेल्या जागेत बसल्या आहेत. ९५१ सालची अमिताभत्रयी व १०२२ सालचा वैरोचनपरिवार पाहताना हा संकोच जाणवतो, पण तो मूर्तींस शोभतो. दक्षिण सुंग काळातला मानला जाणारा हसरा मैत्रेय मात्र आपल्या दृष्टीस प्रथम धक्काच देतो. मुकुटात स्तूप धारण करणारा आपला गंभीर बोधिसत्त्व कोठे, आणि हा उघड्या पोटाचा, हाती झोळी घेतलेला बुवा कोठे! यास अधःपात म्हणणारे म्हणोत; आम्हांस तो या टेकडीवरचा सर्वांत स्वतंत्र विचार वाटला.

आणि ओळखीचे रूप? तेही आढळले. तारा, सिंहारूढ वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर: पालकालीन शैली नेपाळ-तिबेटमार्गे येथवर आली आहे. या मूर्तींपाशी आम्ही सर्वाधिक रेंगाळलो. पण त्या १२८२ ते १२९२ या काळातल्या, मंगोलांनी १२७६ साली ही सुंगांची राजधानी घेतल्यानंतरच्या. त्यांतील काहींचा कर्ता-करविता यांग लिएनचनजिया हा कुब्लाईखानाचा धर्माधिकारी. याने सुंग सम्राटांच्या कबरी उकरून लुटल्या. आम्हांस जे घरचे वाटले, ते हांगचौकरांस जेत्याचे चिन्ह होते. १६२४ साली जांग दाई या लेखकाने येथील एक मूर्ती यांगचीच समजून तिचे डोके फोडले व ते शौचकूपात टाकिले, असे त्याने स्वतःच लिहून ठेविले आहे.

जांग दाईचा हातोडा समीक्षकाचा नव्हे, हे खरे. तथापि शैलीच्या वंशावळीवर लिहिणाऱ्या पंडितांपेक्षा त्या मूर्तींचा एक अर्थ त्याला अधिक कळला होता. वैश्रवण त्याच्या हातून वाचला. त्याच्या सिंहाची आयाळ अजून उत्तम आहे, आणि आम्ही ती दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा पहिल्याइतक्या निःशंक मनाने पाहू शकलो नाही.