शब्द कुठे दबतो?

घरी मुद्रित केलेल्या बऱ्याच मराठी गाण्यांत आवाज चकचकीत असतो, वाद्यांच्या वर असतो, आणि तरीही दुसऱ्या ओळीतला अर्धा शब्द कळत नाही. खापर फुटतं ते सॉफ्टवेअरसोबत आलेल्या प्लगिनांवर. फुकटातलं ते, त्याला कितीसं जमणार, असा हिशेब. हा हिशेब आता जुना झाला आहे. डिजिटल ईक्यू, म्हणजे आवाजातल्या पट्ट्या कमी-जास्त करणारं साधन, हे शेवटी गणित, आणि त्याची मूळ सूत्रं कित्येक वर्षं सगळ्यांना खुली आहेत. रीपर या मुद्रण-सॉफ्टवेअरचा रीईक्यू आणि एखादा महागडा ईक्यू यांच्यावर नेमका तोच उतार लावा, एकाच आवाजाच्या दोन प्रतींना ते जोडा, एका प्रतीची पोलॅरिटी उलटी करून दोन्ही एकत्र वाजवा. साध्या, रंग न चढवणाऱ्या ईक्यूंमध्ये हाती जवळजवळ शांतता येते. फरक उरलाच तर अगदी वरच्या पट्टीत. मोठा आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचंही तसंच. १९६७ साली आलेला ११७६ हा कॉम्प्रेसर एकेकाळी मोठ्या स्टुडिओतच भेटणारा लोखंडी डबा होता. आज लॉजिक या सॉफ्टवेअरच्या अंगभूत कॉम्प्रेसरमध्ये त्या घराण्याच्या वळणासकट सात घडणी मिळतात, आणि एबल्टनमधला ग्लू कॉम्प्रेसर तर सायटॉमिक या नावाजलेल्या प्लगिनकारांनीच रचलेला आहे.

मग शब्द दबतो कुठे? माझ्या मते तो प्रीसेटमध्ये, म्हणजे आधीच ठरवलेल्या मापांत, दबतो. ‘व्होकल’ नावाचा प्रीसेट उघडला की थ्रेशोल्ड, म्हणजे दाब जिथून सुरू होतो ती पातळी, समजा, उणे वीस डेसिबलवर येतो. गाणारीनं किती मोठ्यानं मुद्रण केलं, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. टेक हळू असेल तर कॉम्प्रेसर नुसता बसून राहतो; मोठा असेल तर दहा-बारा डेसिबल दाबून टाकतो. अटॅक, म्हणजे दाब चढायला लागणारा वेळ, एका मिलिसेकंदाचा असेल तर ‘त’, ‘क’, ‘ट’ यांची टोकंच बोथट होतात. पंचवीस-तीस मिलिसेकंद दिले की व्यंजन निसटून पुढे जातं आणि दाब स्वरावर पडतो. माप न घेता शिवलेला सदरा अंगाला बसलाच, तर तो योगायोग.

टोचणारे ‘स’-‘श’ दाबणाऱ्या डी-एसरची गंमत तर खास आपल्या भाषेची आहे. लिपीत ‘च’ एकच, पण ‘चंद्र’मधला च ‘श’च्या अंगानं जातो आणि ‘चांदणं’मधला ‘स’च्या. पहिल्याची घर्षणाची सळसळ साधारण तीन-चार हजार हर्ट्झपासून जाणवू लागते, दुसऱ्याची बरीच वर, सहा-सात हजारांच्या आसपास. आवाजागणिक हे आकडे हलतात. सात हजारांवर बसवलेला डी-एसर चांदण्याला पकडतो आणि चंद्राला सोडतो. चिडून त्याची पट्टी खाली रुंदावली, तर सगळं गाणं बोबडं होतं. इथे जास्त किमतीचा डी-एसर आणून फारसं साधत नाही. वेव्हफॉर्मवर तो एकच ‘च’ शोधायचा आणि तेवढाच चार डेसिबल खाली घ्यायचा. ही सोय बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून असते. संगीतकार यशवंत देवांनी शब्दप्रधान गायकी अशी संज्ञा वापरली. भावगीत ऐकत वाढलेल्या कानाला शब्द हरवलेला चालत नाही, आणि शब्दप्रधान मिक्सिंग हे असं एकेका अक्षराचं काम आहे. कंटाळवाणं आहे, म्हणूनच टाळलं जातं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: प्लगिन सारखे असतील, खोली सारखी नसते. मान्य, आणि माझ्या बाजूचा सर्वात मोठा पुरावाही हाच. माइकमागे एका फुटावर उघडी भिंत आणि माइकपुढे दोन फुटांवर गायक, अशी मांडणी धरा. भिंतीवरून परतणारा आवाज दोन फूट जास्त चालून, सुमारे निम्म्या जोरानं माइकमध्ये शिरतो. २८० हर्ट्झच्या आसपास सहा डेसिबलचा खड्डा पडतो, मग ८४० ला, मग १४०० ला. त्यात छत, टेबल, बाजूच्या भिंती यांची भर. गायकानं मान हलवली की सगळं चित्र सरकतं, त्यामुळे कोणत्याही किमतीच्या ईक्यूनं ते भरून निघत नाही. मागे टांगलेली जाड रजई इथे प्लगिनपेक्षा उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप गायिका बिली आयलिशच्या नावानं येतो. २०१९ चा तिचा पहिला अल्बम लॉस एंजेलिसमधल्या घरातल्या बेडरूममध्ये, भाऊ फिनियसनं लॉजिकवर घडवला, हे घरगुती निर्मितीचे भक्त सांगतात. मिक्सिंग मात्र रॉब किनेल्स्की या व्यावसायिकानं केलं, हे सांगायचं राहून जातं. पण यातून महाग प्लगिनांची बाजू सिद्ध होत नाही. तिथे आला तो दुसरा कान, ते गाणं शंभर वेळा ऐकून न थकलेला. गाणारा, लिहिणारा आणि मिक्स करणारा एकच असला की शब्द त्याला पाठच असतात. ऐकू आले नाहीत तरी त्याला ते ‘ऐकू’ येतात.

विकतची साधनं काही ठिकाणी खरंच सरस ठरतात. टेकमध्ये शिरलेला रिक्षाचा हॉर्न काढणं, घोंगावणारा पंखा आवाजापासून वेगळा करणं, ही कामं बहुतेक अंगभूत प्लगिनांना तितकी नीट जमत नाहीत. सूर सुधारणं मात्र आता तसं नाही: क्यूबेसमध्ये २००९ पासून आणि लॉजिकमध्ये २०१३ पासून एकेक सूर हलवण्याची सोय आहे. धोका तिच्या सोपेपणात आहे. बारा समान घरांच्या जाळीवर सूर ओढले की मींड पायऱ्यांची होते, आणि कोमल गंधार पेटीवरच्या पट्टीसारखा ताठ बसतो.

अभंगाचं मिक्स घेतलं तर हे सगळं एका जागी दिसतं. गायकाचा ‘स’ टोचतो म्हणून आवाजावरचा डी-एसर आवळत नेतात, आणि आवाज मऊ, दूरचा होतो. टोचत असतात ते बहुधा टाळ, त्याच सहा-आठ हजारांच्या पट्टीत. आवाज जसा होता तसा ठेवून टाळांच्या ट्रॅकवर अंगभूत ईक्यूनं तिथेच तीन डेसिबल कमी केले, आणि ओळीच्या शेवटी गायकाचा आवाज पडतो तिथे फेडर जरा वर नेला, की ‘विठ्ठल’मधला शेवटचा ‘ल’ कानावर येतो.