केहीमकरांचा बेने इस्रायलांचा इतिहास व हिब्रूचा परदेशीं अभ्यास

पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोर येथील एक विद्यार्थी हिब्रू भाषेच्या अभ्यासासाठीं जेरुसलेमच्या विद्यापीठांत जाण्यास निघाला असतां त्यानें प्रस्तुत लेखकास विचारिलें कीं, निघण्यापूर्वीं महाराष्ट्रांतील यहुदी लोकांविषयीं एकच ग्रंथ वाचावयाचा तर कोणता वाचावा? उत्तर देण्यास विलंब लागला नाहीं. हाईम शमुवेल केहीमकर यांचा बेने इस्रायलांचा इतिहास, हेंच तें उत्तर. परंतु तो ग्रंथ कसा वाचावा हें सांगूं लागतां जें टिपण वाढत गेलें, तेंच थोडें नीट करून येथें संशोधकांपुढें ठेवीत आहों.

ग्रंथाची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. केहीमकरांनीं तो १८९७ सालीं इंग्रजींत लिहून पुरा केला. पुढें चाळीस वर्षें तो हस्तलिखित अवस्थेंतच राहिला आणि १९३७ सालीं डॉ. इमॅन्युएल ओल्सवांगर यांच्या संपादनाखालीं तेल अवीव येथें छापून निघाला. ओल्सवांगर हे संस्कृत जाणणारे होते व भगवद्गीतेचें हिब्रू भाषांतर त्यांनीं केलें आहे. म्हणजे कोंकणचें हें बाड योग्य हातीं पडलें, असेंच म्हणावें लागेल. तरी पण संस्कृत जाणणें वेगळें व कुलाबा जिल्ह्यांतील बोली जाणणें वेगळें. ग्रंथांतील कांहीं अडचणी याच भेदांतून निघाल्या आहेत.

गुणांविषयीं मतभेद होण्याचें कारण नाहीं. ग्रंथकार समाजांतलाच, १८७५ सालीं मुंबईस त्यांनीं आपल्या लोकांच्या मुलांसाठीं शाळा काढिली व तींत हिब्रू शिकविण्याची सोय केली. नौगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्याची परंपरा, शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ हें पडलेलें नांव, लग्नाचे विधि, सणांचे प्रकार, हें सर्व त्यांनीं घरच्या माणसाच्या माहितीनें लिहिलें आहे. असली साक्ष कोणत्याहि दप्तरांत सांपडावयाची नाहीं. दोष दाखवावयाचे ते ही किंमत मान्य करूनच.

पहिला दोष लिपीचा. मराठी शब्द रोमन अक्षरांत उतरले कीं त्यांची अर्धी ओळख नाहींशी होते. सणांचीं नांवें घ्या. वल्हांडणाच्या सणास हे लोक ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. रोमन लिपींत ढ आणि ध यांस एकच रूप. तेव्हां केवळ त्या पाठावर विसंबणारा ‘धाकाचा’ असें वाचील व भयाचा कांहीं तरी विधि कल्पील. पण अनास म्हणजे आंबट चटणीचें भांडें व तें त्या दिवसांत झांकून ठेवीत, असें स्पष्टीकरण आहे. त्यावरून ‘ढांकणें’ हाच धातु ठरतो. प्रायश्चित्ताच्या दिवसाचें नांव तर याहून महत्त्वाचें. त्यास ‘दारफळणीचा सण’, म्हणजे दारें लावून घेण्याचा सण, म्हणत. रोमनांत ल व ळ यांचा भेद नाहीं. ळ मानिला तर दाराच्या फळ्या लावण्याशीं संबंध जुळतो. ल मानिला तर कांहींच जुळत नाहीं.

येथेंच हिब्रूचा उपयोग दिसूं लागतो. प्रायश्चित्ताच्या दिवसाची शेवटची प्रार्थना ‘नेईला’ या नांवानें ओळखली जाते व त्या शब्दाचा अर्थ ‘दार लावणें’ असाच आहे. मग दारफळणी हें घरांत कोंडून घेऊन उपास करण्याच्या चालीचें नांव, कीं विसरलेल्या हिब्रू शब्दाचें मराठींत राहिलेलें भाषांतर? आम्हांस निर्णय देतां येत नाहीं. पण हा प्रश्न केवळ हिब्रू जाणणाऱ्यास सुचत नाहीं आणि केवळ मराठी जाणणाऱ्यासहि सुचत नाहीं. तो सुचण्यास दोन्ही भाषा लागतात.

व्यक्तिनामांचीहि तीच गत. मुंबईंतील पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर हे लोकांत ‘समाजी हसाजी’ म्हणून प्रसिद्ध होते. अब्राहामाचा अबाजी व मोशेचा मुसाजी झाला. एखाद्या मोडी कागदांत ‘हसाजी’ आला तर आपले वाचक त्यास सहजच मराठा समजतील. जेरुसलेमांत शिकलेल्या पंडितास ‘यहेज्केल’ ठाऊक, पण त्याला मोडी येत नाहीं. तेव्हां कुलाब्याकडील ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं दिवे, किहीम, राजपुरी, गालसुरें अशा गांवांवरून पडलेल्या आडनांवांकडे व त्यांपुढील नांवांकडे पुन्हां एकदां पाहावें, अशी विनंति आहे.

दुसरा दोष अनुमानाचा. पूर्वज ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास आले, असें केहीमकरांचें मत. त्याचा एक आधार असा कीं, या लोकांत हनुक्काचा सण नव्हता. तो सण मक्काबींच्या विजयानंतर, म्हणजे ख्रिस्तपूर्व १६४ च्या सुमारास, सुरू झाला. सबब ते त्यापूर्वींच निघाले असले पाहिजेत. हा तर्क आकर्षक असला तरी टिकणारा नाहीं. ‘शमा इस्रायल’ या मंत्रापलीकडे हिब्रूचा बहुतेक सर्व भाग समाज विसरला होता, हें परंपराच सांगते. जो समाज भाषा विसरला, तो एखादा सणहि विसरूं शकेल. अभावावरून कालनिर्णय करूं नये, हा नियम आपण शिवकालीन कागदांस लावितों. तो येथें सोडण्याचें कारण नाहीं.

तिसरी गोष्ट दोष नव्हे, उणीव आहे. ती वाचकानें इतर पुस्तकें पाहून भरून काढावी. हिब्रू शिकण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागतो ही समजूत अलीकडची. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मुंबईस हिब्रूचें व्याकरण मराठींत छापिलें. १८४६ सालीं मुंबईस वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा हग्गादा मराठी अर्थासह शिळाप्रेसवर निघाला आणि १८७४ सालीं तसाच ग्रंथ पुण्यांत छापला गेला. जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं प्रार्थनाग्रंथांचीं मराठी भाषांतरें केलीं व मुंबई विद्यापीठांत हिब्रूचे परीक्षक म्हणून काम केलें. हरवलेली धर्मभाषा या लोकांनीं मराठीच्या द्वारें परत मिळविली. पुण्याचा हग्गादा आज संग्राहक चित्रांसाठीं जपतात. पण त्यांतील मराठी कोणी बारकाईनें तपासील तर चित्रांहून अधिक लाभ होईल.

आतां परदेशांतील अभ्यासाविषयीं. जेरुसलेमचें हिब्रू विद्यापीठ १९२५ सालीं उघडलें. तेथें जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास प्रथम शिकवितात ती आजची बोलती हिब्रू. ती अवश्य शिकावी. पण जुन्या हिब्रूंतील क्रियापदांची रचना तीहून निराळी आहे, आणि विवाहाचा करारनामा, ज्यास केतुबा म्हणतात, तो तर मुळांत आरामी भाषेंत असतो. हग्गाद्याचा आरंभींचा एक भागहि आरामीच आहे. केवळ बोलती भाषा शिकून आलेला विद्यार्थी कोंकणांतील केतुब्यापुढें अडल्याशिवाय राहणार नाहीं. त्यानें आरामीचा एक वर्ग आरंभापासूनच धरावा.

कालगणनेंतहि सावधगिरी पाहिजे. हिब्रू सन अक्षरांनीं लिहितात व हजारांचा आंकडा बहुधा गाळतात. ताव ४००, रेश २००, लामेद ३०, दालेत ४, मिळून ६३४. त्यांत १२४० मिळविले कीं इसवी सन १८७४ येतो. परंतु हें वर्ष शरद् ऋतूंत सुरू होतें. म्हणून वर्षारंभापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या तिथींस १२३९ च मिळवावे. शकांत ७८ मिळवितांना पौषाच्या सुमारास जी चूक होते, तिचेंच हें भावंड.

हें सर्व केवळ हौसेचें नव्हे. १९४८ नंतर या समाजांतील बहुसंख्य लोक इस्रायलांत गेले. तेथें त्यांच्या यहुदीपणाविषयीं धर्माधिकाऱ्यांनीं शंका काढिल्या आणि १९६४ सालीं तेथील शासनास ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असें जाहीर करावें लागलें. विवाह व वंश यांचे जुने पुरावे बहुतांशीं मराठी रूढींत गुंतलेले. ते वाचून दाखविणारे किती होते, हा प्रश्न त्या वेळीं माणसांच्या लग्नांशीं जाऊन भिडला होता.

म्हणून लोणी काळभोरच्या विद्यार्थ्यास आम्हीं असें सांगितलें: केहीमकर बरोबर न्यावा, पण प्रत्येक मराठी शब्दापुढें देवनागरी पाठ लिहिण्यास समासांत जागा ठेवावी. सुटीच्या दिवशीं लोद, अश्दोद किंवा दिमोना येथें जाऊन मराठी बोलणाऱ्या वृद्ध बायांस सणांचीं नांवें विचारावीं आणि ल कीं ळ, ध कीं ढ, हें कानांनीं ऐकून टिपावें. मूळ ग्रंथाची देवनागरी पाठांसह शुद्ध आवृत्ति काढावयाची तर सामग्री हीच. आणि ती आज कोंकणाइतकीच, कदाचित् कोंकणाहून अधिक, त्या गांवांतून मिळण्याजोगी आहे. हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं.